धारणीत आपला समाज कुठं आहे?

हॅलो. हॅलो. चेक. मागच्यांना आवाज येत नसेल तर हात वर करा.

धारणीच्या पुढच्या एका गावात, हातपंपाजवळ, एका बाईने मला कोरकू भाषेत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. ती हसली. मीही हसले. जीपवाल्याने हॉर्न वाजवला.

सांभाराची जुडी पाण्यात उभी ठेवायची. आडवी ठेवली की काळी पडते.

बाबा, फोनवर : "फील्डवर्क म्हंजे वावरातलंच काम न? मंग घरीच ये. कोबी काढाले माणूस भेटून नाही राहिलं."

क्रमांक सतरा. उंची पाच फूट आठ. रंग निमगोरा. नोकरी : कृषी विभाग.

सूचना. पांढरी चारचाकी, अकोला पासिंग, ज्यांची असेल त्यांनी बाजूला घ्यावी. जेवणाची गाडी बाहेर अडकली आहे.

आता क्रमाने सांगते. जमेल तितकं.

•

मी रागिणी. घर पातूरला, शिक्षण अमरावतीला, एमएसडब्ल्यूचं दुसरं वर्ष. म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. आमच्या वावरात वांगी, कोबी, सांभार, बांधाला झेंडू. सांभार म्हणजे कोथिंबीर. मसाल्याच्या डब्यातल्याशी त्याचा संबंध नाही. बाबांचं नाव पंजाबराव. बाबा फार बोलत नाहीत, कारण त्यांच्या वाटणीचं मोठेबाबा बोलतात. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वामनराव. अकोल्यात त्यांचं हारफुलांचं दुकान आहे आणि ते समाज मंडळाचे सचिव आहेत.

सगळी गडबड त्या 'समाज' शब्दात आहे. कॉलेजात समाज म्हणजे सगळे. आमच्या घरी समाज म्हणजे आपला समाज. ज्यांच्यात मुली देतात, ज्यांच्या पंगतीला जातात, आणि पंगतीहून आल्यावर ज्यांच्या भाजीला नावं ठेवतात, तो.

"एमएसडब्ल्यू? हे काय निंगालं आता?" प्रवेशाच्या वेळी मोठेबाबांनी विचारलं होतं.

"समाजकार्य, मोठेबाबा. त्याच्यात मास्टर."

"समाजाचं कार्य कॉलेजात शिकवतेत?"

"हो."

"मान्यता हाये?"

"विद्यापीठाची डिग्री आहे."

ते खुर्चीतून उठले. "पंजाब, आयकलं का? मी इतके वर्षं फुकट करून राहिलो अन् इथं त्याची डिग्री भेटते!"

"आपल्याच नाही, सगळ्या समाजाचं असते ते."

"सगळ्याच समाजाचं! आपला समाज का फक्त पातुरात हाये? बाळापूर हाये, अकोट हाये, मुर्तिजापूर हाये."

मी पुन्हा समजावलं. जितकं समजावत गेले तितकी गावं वाढत गेली. मोठेबाबा नागपूरपर्यंत पोचले तेव्हा आईने मला हाताला धरून आत ओढलं. "आता थांब वं माय. नाहीतं तू समाजाची अध्यक्ष होऊन बसशील."

•

अमरावतीत खोलीवर माझ्यासोबत करिश्मा. ती अचलपूरची. तिच्या घरी वेगळीच गंमत. अभ्यासक्रमात 'केसवर्क' नावाचा विषय आहे. एकेका माणसाशी बसून बोलायचं, त्याची अडचण समजून घ्यायची. करिश्माने घरी फोनवर सांगितलं, "माह्याकडं सध्या पाच केसेस हायेत." तिच्या बाबांनी त्याच दिवशी एसटी पकडली आणि येताना ओळखीचा वकील सोबत आणला.

असं असतं आमचं शिक्षण. निम्मं पुस्तकातलं, निम्मं घरी फोनवर समजावण्यातलं.

पहिल्या वर्षी मला एका वस्तीतला बायांचा गट दिला होता. मी दोन महिने गेले, सगळं विचारलं, आणि बैठकीत उभी राहून त्यांच्या अडचणी अशा मांडल्या की मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आमच्या गीतांजली मॅडम मागे बसल्या होत्या. त्यांनी बायांना विचारलं, "तुम्हाला काही बोलायचं आहे का?"

एक बाई म्हणाली, "ते बोलून राहिली न. चांगली बोलते. आमी आयकून राहिलो आमाले काय तरास हाये ते."

परतताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "रागिणी, तुझं काम माइक धरायचं. बोलायचं नाही."

दुसऱ्या वर्षी सहल गेली डोंगर-जंगलातल्या धारणीला. तो हातपंप, ती बाई. सहलीच्या अहवालात मी लिहिलं : 'एका स्थानिक महिलेने आपल्या समस्या मांडल्या.' मॅडमनी समासात पेन्सिलीने लिहिलं : 'कोणत्या?'

कोणत्या?

करिश्मा म्हणाली रस्ता. मला वाटलं दवाखाना. कधी वाटायचं रेशन, कधी वाटायचं अंगणवाडी. बस स्टँडवर उभी असताना, पोळीचा घास तोडताना, दात घासताना तो प्रश्न यायचा. एका माणसाने माझ्या डोळ्यांत बघून काहीतरी विचारलं होतं आणि मी दात दाखवून जीपमध्ये बसले होते. मला परत जायचं होतं. तिची भाषा थोडी शिकायची होती, आणि ती जे विचारेल त्याला खरं उत्तर द्यायचं होतं.

संधीही होती. परीक्षा झाल्यावर महिनाभर एकाच ठिकाणी राहून काम करायचं असतं. मी धारणी मागितली. मॅडम हो म्हणाल्या. फक्त पालकांची सही हवी होती.

बाबा म्हणाले, "वामनभाऊले विचार."

•

सूचना. एक लहान मुलगी सापडली आहे. नाव विचारलं तर 'बाळा' सांगते. पालकांनी मंचाजवळ यावं. मुलगी मजेत आहे, बुंदी खाऊन राहिली आहे.

•

मोठेबाबा दुकानात झेंडूचा हार गुंफत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुई थांबवली.

"धारणी? धारणीत आपला समाज कुठं हाये?"

"तसं नाही, मोठेबाबा..."

"एक घर दाखव. एक."

मी टोपलीतल्या झेंडूंकडे बघितलं.

"घर नाही. मंग समाजकार्य कोणाचं करशील? झाडायचं?"

इतका सरळ हिशेब होता की मला तो खोडता येईना. दोन वर्षांतली सगळी तत्त्वं आठवली, एकही त्या सुईच्या भोकातून जाईना.

"असं कर," ते म्हणाले, "आपला वधूवर परिचय मेळावा हाये अकोल्यात. या वर्षी तू चालव. काय शिकली ते दिसू दे लोकायले. चांगला झाला, तं पंजाब सही करंल."

"आणि नाही झाला तर?"

"तं उन्हाळ्यात हार गुंफाले माणूस पाहिजेच हाये मले."

झालं. धारणीचा रस्ता आता परतवाड्याहून जात नव्हता. तो अकोल्याच्या समाज भवनातून, दोन स्टँडिंग पंखे आणि एका खरखरणाऱ्या माइकमधून जात होता.

•

मेळावा कसा असतो ते सांगते. मुलाच्या छातीवर क्रमांकाचा बिल्ला. मुलीच्या खांद्याला तसाच. नाव पुकारलं की घर मंचावर येतं. माइक वडिलांच्या हातात. वडील बोलतात : मुलगा निर्व्यसनी, स्वभाव शांत, अपेक्षा सुशिक्षित व संस्कारी. मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघत उभा. मग वडील खाली उतरतात आणि मुलगाही उतरतो, बहुतेक वेळा तोल जाऊन.

बिल्ले लावायला करिश्मा आली होती. तिने मला विचारलं, "काहून वं, याइच्यापैकी कोणी मुकं हाये का?"

सहाव्या क्रमांकाचे वडील मुलीबद्दल बोलता बोलता स्वतःच्या विहिरीबद्दल बोलायला लागले. विहिरीला किती पाणी, मोटर कोणत्या कंपनीची. मुलगी खाली बघून ओठ दाबत होती. हसू दाबतेय की रडू, कळेना. आणि मला त्या वस्तीतली बाई ऐकू आली. आमी आयकून राहिलो आमाले काय तरास हाये ते.

मी माइक हातात घेतला. तोंडाशी धरला नाही. त्या मुलीच्या तोंडाशी धरला.

"तू सांग," मी म्हटलं.

पंखे तेवढे फिरत होते.

"मी..." ती म्हणाली. "मले स्कूटी येते. पोहता येते. खोटं हासता येत नाही."

पहिली टाळी मागून आली. मग सगळीकडून.

मी जाहीर केलं : इथून पुढे ज्याचं लग्न, त्यानेच बोलायचं. आईवडिलांनी खाली बसून ऐकायचं. पहिल्या रांगेतून मोठेबाबांनी माझ्याकडे असे डोळे केले की मला हारांचा ढीग दिसला.

उत्तमराव नावाचे एक म्हातारे उभे राहिले. "हे काय नवीन? लग्न का पोट्ट्यायचं असते? लग्न घराचं असते!"

"बरोबर आहे, काका," मी म्हटलं. "मग मुलाच्या जागी घराला उभं करायचं का? पण घर मंचावर चढवायचं कोणी?"

उत्तमरावांचे जोडीदारच आधी हसले. मग उत्तमराव बसले, पण बसता बसता म्हणाले, "बोलते पोट्टी. बोलू द्या."

पुढचा तासभर त्या हॉलमध्ये जे झालं ते कोणत्याच पुस्तकात गटकार्य म्हणून सापडणार नाही. एक मुलगा म्हणाला, मला लग्न करायचं नाही, पण इथं बुंदी असते. एका मुलीने सांगितलं की तिची उंची आईने दोन इंच वाढवून लिहिली आहे आणि चपला काढून दाखवल्या. खालून आया खुणा करत होत्या. करिश्मा त्यांच्यासमोर पंचासारखी हात पसरून उभी होती. "मावशी, बसा. मावशी, त्याइलेच बोलू द्या न, बसा."

•

क्रमांक सतरा.

तो आला. सोबत वडील रामराव निघाले होते, त्यांना करिश्माने पायरीवरच अडवलं.

"मी किशोर," तो म्हणाला. "बाबांनी कृषी विभाग लिहिलं. मी कृषी विभागात नाही. माझी रोपवाटिका आहे, मिरचीची आन् वांग्याची रोपं. मुलीकडच्यांना नोकरीवाला पाहिजे असते, म्हणून लिहिलं."

खालून रामराव ओरडले, "रोपवाटिका का कृषी विभागात नाही येत? मंग का पोस्टात येते?"

हॉल हसून हसून वाकला. किशोरचे कान लाल. मला वाटलं हा आता उतरेल. त्याला थांबवायला मी हातातल्या यादीतला पुढचा रकाना वाचला. सगळ्यांना विचारायचा तोच.

"अपेक्षा?"

तिसऱ्या रांगेत एक मुलगी उभी राहिली. "हो?"

क्षणभर कोणालाच काही समजलं नाही. मग तिच्या खांद्यावरचा बिल्ला वाचला. क्रमांक एकतीस. नाव : अपेक्षा.

असं काही झालं की माणूस लाजून खाली बसतो. ती बसली नाही. सगळे तिच्याकडे बघत होते, तर तिने ती संधी वापरली.

"आता उभीच हावो तं विचारते," ती म्हणाली. "रोपवाटिका खरंच तुमची हाये, का तेही बाबानंच लिहिलं?"

"खरंच हाये." माइकसमोर आतापर्यंत सांभाळलेली त्याची पुस्तकी मराठी तिथंच गळून पडली.

"सांभाराची जुडी घरी कशी ठेवता?"

"उभी. पाण्यात. आडवी ठेवली तं काळी पडते."

तिने मान हलवली, म्हणजे पास. "सयपाक?"

किशोरने खरं आठवून बघितलं, ते चेहऱ्यावर दिसलं. "भाजी जमते. पोळ्या गोल नाही होत."

"गोल कायले पाहिजेत? खाताना तोडतेतच न."

मी माइक कधी त्याच्याकडे, कधी हवेत तिच्या दिशेने धरत होते, जणू तो तिथवर पोचणार होता. दोघांनाही माइकची गरज राहिली नव्हती. अख्खा हॉल माना पुढे काढून ऐकत होता. उत्तमरावसुद्धा. रामराव पायरीवर बसून करिश्माला विचारत होते, "पोरगी कोनाची हाये वं?" आणि करिश्मा सांगत होती, "तिलेच विचारा न बाबा, नियम हाये."

•

सूचना. जेवण सुरू झालेलं आहे.

सूचना. जेवण सुरू झालेलं आहे, तरी कोणी उठून नाही राहिलं. आचारी विचारून राहिला काही चुकलं का.

•

मग मोठेबाबा उठले. मंचावर आले, माझ्या हातातून माइक घेतला. त्यांचा चेहरा मला वाचता येईना.

"समाजबांधवहो," ते म्हणाले, "हे आमची रागिणी. माह्या भावाची पोरगी. आज तुमी पाह्यलं तिचं काम. एमएसडब्ल्यू म्हन्तेत त्याले. तं आता तिचाच परिचय. क्रमांक अठ्ठेचाळीस!"

मी नाव दिलं नव्हतं. पण मोठेबाबांना अशा गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. त्यांच्या खिशातून बिल्ला निघाला. खरा, छापलेला. खाली बायांची कुजबुज सुरू झाली आणि किमान चार आयांनी आपापल्या मुलांना कोपराने ढोसलं.

मोठेबाबा माझ्याबद्दल बोलायला लागणार, तेवढ्यात खालून आवाज आला. आईचा. दुर्गाबाई पंजाबराव, जिने आजवर कुठल्याच सभेत तोंड उघडलं नव्हतं.

"भाऊजी, नियम!"

"हो! नियम, नियम!" हॉल ओरडला.

मोठेबाबांनी माइक माझ्याकडे दिला. नाइलाजाने, पण दिला.

आता माइक धरायला दुसरं कोणी नव्हतं. मी स्वतःच धरला.

"मी रागिणी पंजाबराव. पातूर. उंची माहीत नाही, आईला विचारा. रंग दिसतोच आहे. अपेक्षा..."

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. अपेक्षाने हात वर केला. "या टायमाले मी नाही."

"अपेक्षा एकच," मी म्हटलं. "मले धारणीले जायचं आहे. महिनाभर. तिथं एका बाईने मला काहीतरी विचारलं होतं, ते मला समजलं नाही. ते समजून घ्यायचं आहे. लग्नाचं त्यानंतर पाहू. कोणाची थांबायची तयारी असेल तर थांबा, नसेल तर जेवण गरम आहे."

मी इकडेतिकडे बघितलंच नाही. फक्त मोठेबाबांकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते.

तेवढ्यात उत्तमराव उठले. पुन्हा.

"धारणी?" ते म्हणाले. "काहून? धारणीत आपला समाज कुठं हाये?"

तोच प्रश्न, आता चारशे लोकांसमोर.

पण उत्तमरावांनी एक चूक केली होती. त्यांनी वामनरावांच्या पुतणीला, वामनरावांच्या मेळाव्यात, वामनरावांचाच प्रश्न विचारला होता. मोठेबाबांनी माइक माझ्या हातातून ओढला.

"नाही हाये! उत्तमराव, एक घर नाही हाये तिथं समाजाचं. म्हणूनच तं जाऊन राहिली ते! जिथं समाज हाये तिथं मी हावो न. तिथं दुसऱ्याची काय गरज? जिथं नाही, तिथं जायाले डिग्री लागते!"

टाळ्या. म्हणजे, खरंच टाळ्या. उत्तमराव पटल्यासारखे खाली बसले. मोठेबाबा माझ्याकडे बघून असे हसले की जणू त्यांना ही गोष्ट कायमच माहीत होती. मी तोंड उघडलं, समजावून सांगायला की तसं नाही, मोठेबाबा. खालून आई मानेने 'नाही' म्हणत होती. थांब वं माय.

मी थांबले.

•

बाबा मंचाच्या मागे आले. सहीचा कागद मी पर्समध्येच ठेवला होता, चार घड्या करून. पेन कोणाकडेच नव्हतं. बाबांनी बिल्ल्यांवर क्रमांक लिहायचा मार्कर घेतला, उलट्या पातेल्यावर कागद ठेवला आणि सही केली. इतकी जाड की पलीकडून उमटली.

"तिथं वावर कोनाचं हाये?" त्यांनी विचारलं.

"कोणाचंच नाही, बाबा. म्हणजे... आहे, त्यांचं त्यांचं."

"मंग फील्डवर्क कायचं?"

मी सांगायला लागले, तर ते हसत होते. त्यांना कळत होतं. किती दिवसांपासून, ते त्यांनी सांगितलं नाही. "कोबी मी काढीन," ते म्हणाले. "तू जा."

जेवणाच्या पंगतीत किशोर वाढत होता, म्हणजे अपेक्षाच्या रांगेतच वाढत होता. पोळ्या वाढताना त्याने एक वेडीवाकडी पोळी शोधून काढली आणि तिच्या ताटात ठेवली. मोठेबाबा बुंदीचा द्रोण घेऊन माझ्या शेजारी बसले.

"तिथं चुकून आपल्यातला कोनी भेटलाच," ते म्हणाले, "तं मले लगेच फोन कर. मंग तिथंही आपली शाखा काढू."

"करते, मोठेबाबा."

"अन् ते बाई. काय म्हने विचारलं होतं तिनं?"

"माहीत नाही अजून."

"काही मोठंच असंल," मोठेबाबा म्हणाले, आणि गंभीरपणे बुंदी खाल्ली.

धारणीत गेल्यावर कळलं. हातपंपाजवळच्या बाईने विचारलं होतं : लग्न झालं का तुझं?